भिंतीवरचा मीटर आणि आपली वही

कुणी रानातून येऊन आत्ता टेकली असेल, कुणाची भाकरी तव्यावर असेल. हातातलं काम चालू राहू द्या आणि कान इकडे द्या. आज आपण विजेच्या मीटरबद्दल बोलणार आहोत.

गेल्या महिन्यात आमच्या एका गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले. वही मिटताना एक काकू म्हणाल्या, "ताई, काल दुपारी दोन पोरं आली होती. जुना मीटर काढून स्मार्ट मीटर बसवायचाय म्हणाली. पैसे लागत नाहीत म्हणे. घरात मी एकटीच. मी म्हणलं, मालक रानात गेलेत, ते आल्यावर या. आता तुम्ही सांगा, बसवून घ्यायचा का नाही?"

मी तोंड उघडायच्या आत शेजारची वहिनी म्हणाली, "माझी नणंद मालाडला असते. तिथं म्हणे विजेची कंपनीच बदलता येते. एकीचा दर परवडला नाही की दुसरीकडं जायचं. मग आपल्याला का नाही तसं?"

प्रश्न दोन आणि दोन्ही बरोबर. मला मात्र त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नाही. बी.ए.ला माझा विषय इतिहास. पण आमच्या पुस्तकात लढाया होत्या, राजे होते, सत्याग्रह होते. भिंतीवरच्या मीटरचा इतिहास कुणी शिकवला नव्हता. मग मी कायदा वाचला, जुनी कात्रणं काढली, निवृत्त झालेल्या एका वायरमनकाकांना गाठलं. जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवते.

वीज घाटातली, उजेड मुंबईचा

आपल्याकडं मोठ्या प्रमाणावर वीज तयार झाली ती सह्याद्रीच्या पाण्यावर. टाटांनी लोणावळ्याच्या परिसरात धरणं बांधली, घाटाखाली खोपोलीला वीजघर उभारलं. १९१५ साली तिथली वीज मुंबईच्या कापड गिरण्यांना मिळू लागली. पुढं मुळशीचं धरण आलं. तिथल्या शेतकऱ्यांनी १९२१ पासून सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी होते. बायकाही त्यात उतरल्या होत्या. तरी धरण झालंच. जमीन गेली मावळातल्या माणसांची आणि उजेड पडला मुंबईत.

त्या काळी विजेचा कायदा होता १९१० सालचा. सरकार एखाद्या कंपनीला एखाद्या भागाचा परवाना द्यायचं. मुंबई शहरात बेस्ट होती. तिचा जन्म १९०५ सालचा, आणि १९४७ मध्ये ती महापालिकेच्या ताब्यात आली. उपनगरांत १९२९ साली निघालेली बीएसईएस होती. आणि टाटा मुख्यतः या सगळ्यांना आणि गिरण्यांना, रेल्वेला ठोक वीज विकत.

त्या जुन्या कायद्यात एक छोटं कलम होतं. बिल थकलं म्हणून वीज तोडायची असेल, तर आधी सात दिवसांची लेखी नोटीस दिली पाहिजे. इंग्रजांचा कायदा, पण एवढी सवड त्यानेही दिली होती. हा सात आकडा लक्षात ठेवा. मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

मंडळ आलं, गिरण आली

खेड्यात वीज आली ती स्वातंत्र्यानंतर. १९४८ चा कायदा झाला, त्यात प्रत्येक राज्याला वीज मंडळ काढायचं होतं. महाराष्ट्र राज्य झाल्यावर २० जून १९६० ला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ सुरू झालं. आपल्या आज्या, पणज्या त्याला नुसतं 'बोर्ड' म्हणायच्या. माझी आजी सांगायची, गावात वीज आली तेव्हा आधी दिवा नाही आला, आधी पिठाची गिरण आली. पहाटे चारला जात्यावर बसायचं सुटलं. तिच्यासाठी विजेचा अर्थ तोच होता, पहाटेची दोन तासांची झोप.

घरात दिवा यायला पुष्कळांना आणखी वीस-तीस वर्षं लागली. १९८८-८९ साली कुटीर ज्योती योजना आली. गरिबाच्या घरात एक दिवा. बऱ्याच घरांत त्याला मीटरही नव्हता. तिकडं शेतीपंपांनाही १९७० च्या दशकात मीटरऐवजी अश्वशक्तीवर बिल लागू झालं. म्हणजे मोटर किती हॉर्सपॉवरची तेवढे पैसे, चालव किती तास चालवायची ती.

ऐकायला हे सोयीचं वाटतं. पण ज्याचा मीटर नाही त्याचा हिशेबही नाही. मंडळ वर्षानुवर्षं सांगत होतं, विजेची गळती सतरा-अठरा टक्के आहे. १९९९ साली महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला आणि दर ठरवायच्या आधी उघड सुनावणी होऊ लागली. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेसारख्यांनी आणि ग्राहकांच्या संघटनांनी आकडे तपासले, आयोगानं प्रश्न विचारले. तेव्हा गळती तीस टक्क्यांच्या वर निघाली. जी वीज वाटेत गळत होती किंवा चोरीला जात होती, तिच्यातली बरीचशी शेतकऱ्याच्या बिनमीटरच्या पंपावर दाखवली जात होती. शेतकऱ्यानं न वापरलेली वीज शेतकऱ्याच्या नावावर पडली. त्याच्याकडं मीटरचा आकडा नव्हता, मग तो 'नाही' कसं म्हणणार?

आपल्या गटात कुणाच्या नावावर न घेतलेलं कर्ज लिहिलं गेलं तर आपण काय करतो? वही उघडतो. तिथं वहीच नव्हती.

२००३ चा कायदा

मग २००३ साली नवा वीज कायदा झाला. आजही तोच चालू आहे. त्यातल्या पाच गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली, मीटरशिवाय वीज द्यायची नाही. दुसरी, बिल थकलं तर वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस. म्हणजे सातचे पंधरा झाले. तिसरी, गाऱ्हाणं ऐकायला प्रत्येक वीज कंपनीनं मंच नेमायचा, आणि तिथं समाधान झालं नाही तर त्याच्यावर विद्युत लोकपाल. चौथी, ज्याला सुरक्षा ठेव म्हणजे अनामत भरायची नाही, त्यानं प्रीपेड मीटर घ्यायची तयारी दाखवली तर त्याच्याकडं अनामत मागता येणार नाही. म्हणजे या कायद्यात प्रीपेड हा ग्राहकानं निवडायचा पर्याय होता. आणि पाचवी, एकाच भागात दोन कंपन्यांनाही वीज विकायचा परवाना मिळू शकतो.

२००५ साली आपल्या बोर्डाचेही भाग पडले. वीज तयार करणारी महानिर्मिती, मोठ्या तारांतून वाहून नेणारी महापारेषण आणि घरापर्यंत पोचवणारी महावितरण. आपलं बिल येतं ते महावितरणचं.

नणंदबाईंची मालाडची गोष्ट

आता वहिनीचा प्रश्न. मुंबईत कंपनी बदलता येते, हे खरं आहे. पण ते सोपेपणानं मिळालेलं नाही.

टाटांकडं जुने परवाने होते, १९०७ पासूनचे. त्यांचं म्हणणं, या परवान्यांवर आम्हाला घरोघरीही वीज विकता येते. उपनगरात तेव्हा बीएसईएसच्या जागी रिलायन्स आली होती. तिचं म्हणणं, टाटांनी ठोकच विकावी, घरगुती ग्राहक आमचे. भांडण आयोगापुढं गेलं, तिथून अपिलात गेलं आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयात. ८ जुलै २००८ ला निकाल लागला. टाटांना छोट्या ग्राहकालाही वीज विकता येते, असं न्यायालयानं सांगितलं.

पण टाटांच्या तारा उपनगरात घरोघरी नव्हत्या. मग १५ ऑक्टोबर २००९ ला आयोगानं वाट काढली. तारा रिलायन्सच्याच राहतील, वीज टाटांची येईल आणि ग्राहक तारांचं भाडं म्हणजे वहन आकार भरेल. आपल्याकडं विहीर एकाची आणि पाट दुसऱ्याचा असला तर पाटाचं भाडं देतो, तसंच. तेव्हा टाटांचा दर कमी होता, त्यामुळं लोक अर्ज करून बदलू लागले. थकबाकी नसली की मीटर बदलायचा आणि बिल दुसऱ्या कंपनीचं यायचं. दिवा तोच, वायर तीच.

मग अडचणी दिसायला लागल्या. आपल्या वीजदरात एक जुनी रीत आहे. कारखाने, मोठी दुकानं, जास्त वीज वापरणारे यांना दर जास्त लावतात आणि त्यातून गरिबाचा, शेतकऱ्याचा दर खाली ठेवतात. मोठा ग्राहक दुसऱ्या कंपनीकडं गेला की पहिल्या कंपनीकडं राहिलेल्या छोट्या ग्राहकांवर ते ओझं पडतं. म्हणून बदललेल्या ग्राहकांवर अधिभार बसला. जुन्या कंपनीचा मागचा थकलेला खर्चही त्यांच्याकडून वसूल झाला. २०१२ साली तर आयोगानं काही काळ असं ठरवलं, की टाटांनी महिन्याला तीनशे युनिटपर्यंतचेच घरगुती ग्राहक बदलून घ्यावेत, नुसते मोठे ओढू नयेत. दर वर खाली होत राहिले, तसे काही लोक परतही फिरले. २०१८ मध्ये रिलायन्सचा तो व्यवसाय अदानींकडं गेला.

म्हणजे मालाडच्या नणंदबाईंना निवड मिळाली, तिचा फायदाही झाला. पण बदलायच्या आधी नुसता युनिटचा दर बघून चालत नाही. स्थिर आकार, वहन आकार, अधिभार, सगळं मिळून बेरीज बघावी लागते. बचत गटात आपण बँक बदलतो तेव्हा नुसतं व्याज बघत नाही, प्रोसेसिंग फी पण बघतो, तसंच हे.

न विचारता झालेले बदल

खेड्यात आपणही वीज पुरवणारे बदललेले पाहिले आहेत. फक्त आपल्याला कुणी विचारलं नव्हतं.

नगर जिल्ह्यात श्रीरामपूर, राहुरी आणि आसपासच्या गावांत मुळा-प्रवरा ही वीज सहकारी संस्था होती. १९६९ सालची. दुधाचा संघ असतो, साखर कारखाना असतो, तशी विजेची सोसायटी. ग्राहकच सभासद. बोर्डाकडून वीज घ्यायची आणि गावात वाटायची. पुढं देणी थकली, त्यावरून वाद झाले, आणि २०११ साली परवाना महावितरणकडं गेला. एका दिवसात हजारो घरांचा पुरवठादार बदलला. सहकारी असूनही, ज्यांचा हिशेब उघड राहिला नाही त्यांच्या हातून वीज गेली. गट चालवणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा धडा विसरू नये.

भिवंडीत २००७ साली वीज वाटायचं आणि बिल वसूल करायचं काम टोरंट कंपनीला फ्रँचायझी म्हणून दिलं. २०११ मध्ये औरंगाबाद, नागपूर, जळगाव इथंही खाजगी कंपन्या आल्या. पुढच्या काही वर्षांत या तीन शहरांतलं काम महावितरणकडं परत आलं. बिलावरचं नाव बदललं, पुन्हा बदललं. ग्राहक तिथंच.

आता पुन्हा वारं वाहतंय. २०२२ साली केंद्र सरकारनं वीज कायद्यात बदलाचं विधेयक लोकसभेत मांडलं. एकाच तारेवरून अनेक कंपन्यांना वीज विकता यावी, असं त्यात होतं. ते तेव्हा समितीकडं गेलं, पुढं सरकलं नाही. त्याच वर्षी नवी मुंबई, पनवेल, ठाणे या भागांसाठी खाजगी कंपनीनं महावितरणच्या बरोबरीचा परवाना मागितला, आणि जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचाऱ्यांनी त्याविरुद्ध संप केला. अर्ज कुठल्या भागांसाठी आला ते बघा. जिथं कारखाने आणि मोठी बिलं आहेत, तिथं. आपल्या वाडीवर वीज विकायला कोण धावत येणार? मोठे ग्राहक निघून गेले तर आपला दर कशातून खाली ठेवणार? कंपनी बदलण्याचा हक्क आपल्याला मिळो की न मिळो, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

इंग्लंडचं उदाहरण

जिथं सगळ्या घरांना हा हक्क पंचवीस वर्षांपासून आहे, तिथं काय झालं? ब्रिटनमध्ये १९९८-९९ साली प्रत्येक घराला वीज कंपनी निवडायची मोकळीक मिळाली. ज्यांनी लक्ष ठेवून बदल केले त्यांचे पैसे वाचले. जे म्हातारे, आजारी, वाचता न येणारे होते, ते महाग दरावर राहिले. २०२१-२२ मध्ये गॅसचे भाव भडकले आणि तिथल्या तीसएक छोट्या कंपन्या बुडाल्या. त्यांचे ग्राहक दुसऱ्या कंपन्यांकडं सोपवावे लागले.

प्रीपेड मीटरही तिथं जुनाच. मीटरमध्ये नाणं टाकायचं, तेवढा गॅस किंवा वीज मिळायची. गरिबाच्या घरी असा मीटर असायचा. २०२३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रात बातमी आली, की बिल थकलेल्या घरांत, अगदी आजारी आणि अपंग माणसांच्या घरातही, वसुलीची माणसं शिरून जबरदस्तीनं प्रीपेड मीटर बसवतायत. एवढा ओरडा झाला की तिथल्या नियामकानं फेब्रुवारी २०२३ मध्ये ती सक्ती थांबवली. नंतर त्यासाठी कडक नियम केले.

एवढ्या श्रीमंत देशातही प्रीपेडचा फटका बसला तो गरिबालाच.

स्मार्ट मीटर म्हणजे काय

आता काकूंचा प्रश्न. जुन्या मीटरमध्ये एक ॲल्युमिनियमची चकती फिरायची. मग इलेक्ट्रॉनिक मीटर आले, त्यात लाल दिवा लुकलुकतो. स्मार्ट मीटरही वीज तशीच मोजतो. फरक असा, की तो मोबाइलसारखा आपला आकडा स्वतः कचेरीकडं पाठवतो. आणि कचेरीतून त्याला हुकूमही देता येतो, वीज बंद कर, चालू कर.

तो दोन पद्धतींनी चालवता येतो. आधी वापरा मग बिल भरा, हे पोस्टपेड. आधी रिचार्ज करा मग वापरा, हे प्रीपेड. मीटर एकच असतो, पद्धत बदलता येते. हे फार महत्त्वाचं आहे. भिंतीवरच्या डब्याकडं बघून कळत नाही, तो कोणत्या पद्धतीवर आहे. ते विचारावं लागतं.

केंद्रानं २०१९ साली मीटरचे नियम बदलले. २०२० साली ग्राहक हक्कांचे नियम आले, त्यात नवे मीटर स्मार्ट प्रीपेड किंवा प्रीपेड असावेत, सूट द्यायची तर आयोगानं द्यावी, असं आलं. २०२१ मध्ये देशभर पंचवीस कोटी स्मार्ट मीटर बसवायची योजना निघाली. आपल्याकडं ठेके दिले गेले. मग लोकांनी विरोध केला, मोर्चे निघाले. जून २०२४ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केलं, की सर्वसामान्य घरगुती ग्राहकांकडं स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नाही. त्यानंतर जे मीटर बसू लागले ते 'टीओडी' नावानं, पोस्टपेड पद्धतीचे. टीओडी म्हणजे वेळेप्रमाणे दर. १ जुलै २०२५ पासून असा मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर युनिटमागं ८० पैसे ते १ रुपया सवलत सुरू झाली. दर आदेशागणिक बदलतात, म्हणून तुमच्या बिलावर ही ओळ दिसते का ते बघा.

फायदा काय? जिची शिलाईची मोटर, घरगुती गिरणी दिवसा चालते, तिला सवलत मिळू शकते. 'सरासरी'चं बिलही टळू शकतं. हे मी अनुभवानं बोलते. आमच्या घरी एकदा चार महिने कुणी रीडिंग घ्यायलाच आलं नाही. बिलावर 'सरासरी' लिहून यायचं. पाचव्या महिन्यात एकदम मोठं बिल आलं. मी गटाच्या वहीच्या मागच्या पानावर दर महिन्याचा आकडा लिहून ठेवला होता, साधारण नव्वद युनिट. चार महिन्यांचे ३६० युनिट त्यांनी एकाच महिन्याचे धरले होते. पहिल्या शंभर युनिटचा दर स्वस्त, पुढचे महाग. चार भागांत वाटलं तर सगळे युनिट स्वस्त दरात बसतात. वही घेऊन कचेरीत गेले, दोन हेलपाटे झाले, पण बिल दुरुस्त झालं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये रीडिंग थांबलं आणि जूनमध्ये मोठाली बिलं आली, तेव्हाही हाच हिशेब महिन्यांत वाटून मागावा लागला होता.

मीटरच रोज आकडा पाठवणार असेल, तर हे दुखणं कमी व्हायला हवं.

मग भीती कशाची? आता तो सात आकडा आठवा. १९१० च्या कायद्यात सात दिवस. २००३ मध्ये पंधरा दिवस. आणि प्रीपेडमध्ये? रिचार्ज संपला की वीज बंद. नोटीस नाही, वायरमन दारात येणं नाही, "काकू, सोमवारपर्यंत भरा" नाही. ज्यांचा पगार एक तारखेला होतो त्यांना यात फार अडचण वाटणार नाही. आपल्याकडं पैसा येतो तो बाजाराच्या दिवशी, कांदा विकल्यावर, मुकादमानं उचल दिल्यावर. ते पंधरा दिवस आपल्यासाठी उधारीची सवड आहेत. त्या पंधरा दिवसांत आपण गटातून हजार रुपये उचलतो, बिल भरतो, पोरांचा अभ्यास दिव्याखाली चालू राहतो. शंभर वर्षांत जी मुदत सातवरून पंधरावर आली, ती एका बटणानं शून्यावर येऊ नये. स्मार्ट मीटरमधली खरी विचारायची गोष्ट हीच आहे.

आपण काय करायचं

आमच्या गटांनी बैठकीत जे ठरवलं ते सांगते.

मीटर बदलायला कुणी आलं तर आधी ओळखपत्र बघायचं. हा मीटर पोस्टपेड का प्रीपेड, ते लेखी विचारायचं. फुकट म्हणतात, तर पुढं बिलात त्याचे पैसे लागणार का, तेही विचारायचं.

जुना मीटर काढायच्या आधी त्यावरचा शेवटचा आकडा आणि मीटर नंबर मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. नव्यावरचा पहिला आकडाही. मोबाइल नसेल तर वहीत लिहायचा आणि आलेल्या माणसाची सही घ्यायची.

दर महिन्याला ठरलेल्या तारखेला आकडा लिहायचा. एक युनिट म्हणजे हजार वॅटचं उपकरण एक तास. हजार वॅटची इस्त्री तासाला एक युनिट खाते. नऊ वॅटचा एलईडी बल्ब एका युनिटवर शंभर तासांहून जास्त जळतो. घरातला वापर वाढला नाही आणि आकडा मात्र पळायला लागला, तर मीटर तपासायची लेखी मागणी करायची. तोंडी सांगितलेलं टिकत नाही.

बिलाची तक्रार आधी कचेरीत, पोच घेऊन. १९१२ या नंबरवरही तक्रार नोंदवता येते. तिथं दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, आणि त्यानंतर विद्युत लोकपाल.

आणि आणखी एक. बिल कुणाच्या नावावर येतं ते बघा. आमच्या गटात विचारलं तर निम्म्याहून जास्त घरांत बिल सासऱ्यांच्या नावावर, त्यातले काही सासरे वारून वर्षं झाली. बिल भरते सून, रांगेत उभी राहते सून. तक्रार करायला गेलं की विचारतात, तुम्ही कोण? नाव बदलून घेता येतं. घर दोघांचं असेल तर मीटरवर बाईचं नाव का नको?

काकूंचा मीटर शेवटी परवा बसला. पोस्टपेड आहे, असं त्यांनी लिहून घेतलं. जुन्या मीटरचा शेवटचा आकडा त्यांनी दाराच्या चौकटीशेजारी खडूनं लिहून ठेवलाय. सुनेला म्हणाल्या, "पहिलं बिल येईस्तोवर ह्याला पोतेरं लावायचं नाही." मी तो आकडा गटाच्या वहीतही उतरवून घेतला.

वहिनीला मात्र सांगितलं, मालाडसारखी निवड आपल्याला अजून नाही. उद्या मिळाली, तर बेरीज करायला आपण तयार असू. कारण कंपनी कोणतीही असो, आपला आकडा आपल्या वहीत असला म्हणजे आपल्याला बोलता येतं.

तुमच्या पुढच्या बैठकीत बचतीच्या वहीचं शेवटचं पान उघडा. प्रत्येकीच्या नावापुढं तिच्या मीटरचा आजचा आकडा लिहा. तेवढ्यानं सुरुवात होईल.